साठ टक्के पाऊस म्हणजे काय

रेडिंग, इंग्लंड
2 जून

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

रविवारी तुम्ही फोनवर विचारलं, "साठ टक्के पाऊस म्हंजे काय वं? पडन का नाई पडन, येक सांग." मी गप्प बसले. गेल्या साली अंदाज पाहून सरकी लावली, मग पावसानं दडी मारली आणि दुबार पेरणीसाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. ते आठवत असताना दोन वाक्यांत उत्तर देववेना. म्हणून हे पत्र.

हवामानाचं गणित आधी माणसं हातानं करत. पहिल्या महायुद्धात लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करायचा. सवड मिळेल तशी कागदावर आकडेमोड करून त्यानं फक्त 6 तासांच्या हवामानाचा हिशेब मांडला. त्यात आठवडेच्या आठवडे गेले आणि उत्तर साफ चुकलं. तरी 1922 मध्ये त्यानं ते आपल्या पुस्तकात छापलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पुढे 1950 मध्ये अमेरिकेत एनिॲक या कॉम्प्युटरवर 24 तासांचा अंदाज काढायला जवळपास 24 तासच लागले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र 1961 मध्ये सापडलं. एडवर्ड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाच्या कॉम्प्युटरमध्ये 12 समीकरणांचं एक छोटंसं हवामान चालायचं. एकदा त्याला जुना हिशेब मधूनच पुन्हा चालवायचा होता. मशीनच्या पोटात आकडा होता 0.506127, पण कागदावर छापून यायचा 0.506. त्यानं तोच भरला आणि कॉफी प्यायला गेला. परत येऊन बघतो तर पुढचं सगळं हवामानच वेगळं! आधी त्याला वाटलं, मशीन बिघडलं. बिघाड काहीच नव्हता, फरक गळालेल्या तीन आकड्यांचा होता. खरं आभाळ दुसऱ्यांदा चालवून बघता येत नाही, मशीनमधलं येतं, म्हणून हे कळलं.

आणि बाबा, आजचं आभाळ तरी पूर्ण कोण मोजणार? आपल्या वावरावर किती दमट हवा आहे, हे मोजणारं यंत्र धुऱ्यावर कुठे आहे? म्हणून आता एकच हिशेब करून थांबत नाहीत. इथे रेडिंगमध्ये युरोपचं हवामान अंदाजाचं केंद्र आहे. ते 1992 पासून सुरुवातीचे आकडे जरा जरा बदलून तोच अंदाज पुन्हा पुन्हा काढतं. समजा 50 वेळा काढला आणि 30 वेळा पाऊस आला, तर ते झाले साठ टक्के. उरलेल्या 20 वेळा उघाडच राहिली.

गेल्या साली त्या 20 मधलंच एखादं आपल्या वाट्याला आलं असेल. तेव्हा मला हे समजावून सांगता आलं नाही, याची हळहळ वाटते.

यंदा मृगात पाऊस आला की वावरात ओल किती बोटं गेली ते कळवा. मीही रोज अंदाज बघून संध्याकाळी फोन करीन. मग ठरवू.

आईला नमस्कार.

तुमची लेक