पास्कल, तुझं नाव मी देऊन टाकलंय

प्रिय पास्कल,

तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, चालायचंच. मुद्द्यावर येतो, कारण हे आईशी फोनवर बोलायची माझी छाती नाही.

सासूबाईंना ओवीचा बाप्तिस्मा करायचाय. करायचाय म्हणजे काय, त्यांचं फादरशी बोलणंही झालंय. ईस्टरलाच उरकायचा होता, मी पोरीच्या सर्दीवर ढकलला. पण बाई चिवट. अख्खा उपवासकाळ कांद्याची सालं साठवत होत्या. त्या सालांच्या पाण्यात अंडी उकडली, विटकरी झाली, मग सुईने ओरखडून एकेकावर पानंफुलं काढली. एकावर ओवीचं नाव! पवित्र शनिवारी त्यांची टोपली भरली: अंडी, पाव, मीठ, सॉसेज, लोण्याचं कोकरू आणि ख्शान नावाचं एक मूळ, जे किसताना नाकाडोळ्यांतून धारा लागतात. टोपली धरायला मी. पोलंडच्या या क्राकोवभर त्या दिवशी जो तो अशी टोपली घेऊन चर्चची वाट धरतो. फादर पाणी शिंपडत आला, थोडं अंड्यांवर, थोडं माझ्या चष्म्यावर. तू कोण, कुठला, कुणी विचारलं नाही.

आणि मला तू आठवलास, हलकटा. आठवीत, ईस्टरच्या रात्रीची मिस्सा. बाहेर नवा अग्नी पेटवला, मोठी मेणबत्ती आत आली, अंधारात एकाची ज्योत दुसऱ्याला. माझी तुझ्याचवरून पेटली होती. पुढे ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मी तुझ्यामागे लागलो, तर कॉलर धरून बाहेर ओढलंस! मेणबत्ती चालते, प्रसाद चालत नाही? नियम होता म्हणशील. असेल. कॉलर धरायची नव्हती.

तर उद्या मोठी होऊन त्या रांगेत ओवी असेल आणि मी बाकावर. इथल्या फादरने नीट समजावलं: पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं, वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं, म्हणून बाप्तिस्म्याचं आणि ईस्टरचं एवढं जवळचं नातं. मी मान डोलावली. पण आई विचारेल, ताईने व्हिडिओ कॉलवर कुर्र केलं ते पुरलं नाही का? आणि मी तरी कुठला मोठा धार्मिक? गणपतीची आरतीसुद्धा मोबाइलमध्ये बघून म्हणतो. मग नेमकं काय दुखतंय, तेच कळत नाही. बायको म्हणते, तुझं ठरेपर्यंत थांबू. ती अशी समजूतदार वागली की माझी आणखी पंचाईत होते.

आज ईस्टर सोमवार, म्हणजे इथे बिनरंगाची धुळवड. पाव आणायला खाली उतरलो, शेजारच्या पोरांनी बादली ओतली. आईला फोनवर एवढंच सांगितलं. ती खूश!

वाडीतून रस्ता जाणार होता, त्याचं काय झालं? धाकट्याची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार.

आता काम ऐक. ओवीला धर्मपिता लागतो, तोही बाप्तिस्म्यानंतरचा दृढीकरणाचा विधी झालेला कॅथलिक. माझ्या बाजूने असा तू एकच, म्हणून तुझं नाव देऊन टाकलंय. बाप्तिस्मा झालाच तर. तुमच्या फादरकडून तसा दाखला घेऊन ठेव. येता नाही आलं तर तुझ्या जागी दुसरा उभा करता येतो म्हणे, पण तू ये. त्याआधी एकदा आईकडे जा. तुझं ती ऐकते. मात्र विषय जेवण झाल्यावर काढ, आधी काढलास तर उपाशी परत येशील.

तुझाच,
सुध्या