सुदानमधील आईची चूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात यादवी युद्ध पेटले आहे. त्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. परंतु कोणते शहर कोणाच्या हाती गेले, एवढेच त्यांत असते. त्या शहरातील बाई संध्याकाळी चुलीवर काय ठेवते, हे वाचायला मिळत नाही.

तेथील लोकही ज्वारीवरच जगतात. पीठ आंबवून त्याची पातळ ‘किसरा’ भाकरी करतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा अभिमान बाळगणाऱ्या सोलापूरकरांना तरी हे घर परके वाटू नये. पश्चिम सुदानमधील दारफूर प्रदेशातल्या अल-फाशर शहराला २०२४ च्या मे महिन्यापासून ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’चा वेढा पडला, पुढे शहराभोवती मातीचे बांध घातले गेले, आणि बाजारातले धान्य संपल्यावर आयांनी मुलांना ‘अंबाझ’ भरवले. अंबाझ म्हणजे तेल गाळून उरलेली शेंगदाण्याची पेंड. आपल्याकडे ती गोठ्यात म्हशीपुढे ठेवतात. मोहल्ल्यातील स्वयंसेवक सामुदायिक चुली चालवीत होते, परंतु धान्याअभावी त्याही एकेक करून विझल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर वेढा घालणाऱ्यांच्या हाती पडले.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई रोज खडी फोडायला जात असे. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, तांबडी भाकरी आम्हा भावंडांच्या घशाखाली उतरत नसे आणि आई स्वतः न जेवता आमच्यापुढे बसून राही. तरीही कामावर जाताना तिच्या वाटेत बंदूकधारी उभा नव्हता, मजुरी हातात पडत होती आणि रेशनचे धान्य गावापर्यंत येत होते. सुदानमधील आईला यातले काहीच नाही. शेजारच्या चाड देशाच्या सीमेवरील आद्रे येथून मदत नेण्याचा मार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला गेला आणि ऑगस्टमध्ये उघडला. त्याच ऑगस्टच्या आरंभी अल-फाशरजवळच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत उपासमारीने सर्वोच्च पातळी गाठल्याचे जाहीर झाले होते.

या युद्धाने एक कोटीहून अधिक माणसे बेघर केली आहेत. धान्याच्या गाड्यांना दोन्ही पक्षांनी वाट द्यावी, असा आग्रह भारत सरकारने उघडपणे धरावा, आणि आपल्या वृत्तपत्राने या मातांच्या हालांना नियमित जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सोलापूर