पोर्टफोलिओच्या संकेतस्थळासाठी केलेल्या मदतीबद्दल जाहीर आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांची मांडणी आणि लग्नपत्रिका करणाऱ्या माझ्यासारख्या ग्राफिक डिझायनरने आपल्या कामाचे संकेतस्थळ कोणत्या प्लॅटफॉर्मवर उभारावे, या प्रश्नाला आपण एखादे नाव सांगून मोकळ्या होऊ शकला असता. त्याऐवजी आपण निवड कशी करावी हे समजावून सांगितलेत. छपाईच्या कामात मुरलेल्या आणि आता वेबकडे वळणाऱ्या इतरांनाही आपले सांगणे उपयोगी पडेल, म्हणून हे आभार जाहीरपणे मानतो आहे.

आत शिरण्याआधी बाहेर पडण्याची वाट आहे का ते तपासावे, हा आपला पहिला आग्रह होता. त्यासाठी आपण अडोबी म्यूजचा दाखला दिलात. कोड न लिहिता संकेतस्थळ बांधून देणारे ते साधन डिझायनरांच्या आवडीचे होते. तरीही त्यात नवी भर घालणे थांबवत असल्याचे कंपनीने मार्च २०१८ मध्ये जाहीर केले आणि मार्च २०२० मध्ये त्याला मिळणारे तांत्रिक साहाय्यही संपले. त्यात तयार केलेली पाने चालू राहिली, पण ती पुढे सांभाळायची कशी, हा प्रश्न ज्याचा त्याला सोडवावा लागला. हे ऐकल्यावर टेम्प्लेटच्या देखणेपणावरून निवड करण्याचा माझा उत्साह आपोआप ओसरला.

मग याच निकषावर आपण एकेक पर्याय तपासून दाखवलात. विक्सवर पाने झटपट उभी राहतात, पण तिथले संकेतस्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याच्या भाड्याच्या जागेवर, नेता येत नाही. वेबफ्लोमधून सशुल्क योजनेत कोड बाहेर काढता येतो; मात्र तिथल्या सीएमएसवर (मजकूर सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर) आणि फॉर्मवर अवलंबून असलेला भाग बाहेर आल्यावर तसाच चालत नाही. अडोबी पोर्टफोलिओ हा क्रिएटिव्ह क्लाउड या अडोबीच्या सॉफ्टवेअर-संचाच्या वर्गणीतच मिळतो, म्हणून मला तो सर्वांत सोयीचा वाटत होता. वर्गणी थांबली की संकेतस्थळही थांबते, हे आपण लक्षात आणून दिलेत. बिहान्स या डिझायनरांची कामे मांडण्याच्या संकेतस्थळावर काम अवश्य ठेवावे, कारण कामे देणारी मंडळी तिथे शोध घेतात, पण ते भाड्याच्या दालनातले प्रदर्शन समजावे, हे आपले म्हणणे मला पूर्ण पटले. अखेरीस स्वतंत्र होस्टिंगवर वर्डप्रेस, म्हणजे संकेतस्थळ बांधण्याची दुसऱ्या होस्टिंगवरही नेता येणारी मुक्त प्रणाली, हा निर्णय झाला. अद्ययावतीकरण आणि बॅकअप यांची जबाबदारी त्यामुळे माझ्यावर येते, हेही आपण लपवले नाही.

आपले सर्वांत मोठे ऋण मात्र देवनागरीबाबतचे आहे. टेम्प्लेटचे नमुने इंग्रजी मजकुरात सुंदर दिसतात, म्हणून प्रत्येक थीममध्ये ‘तऱ्हा’, ‘विठ्ठल’, ‘क्लृप्ती’ आणि ‘सौंदर्य’ हे शब्द शीर्षकाच्या जागी टाकून पाहायला आपण सांगितलेत. ही साधी चाचणी विलक्षण बोलकी ठरली. रोमन अक्षरांसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडत होते, तर शीर्षकातील अक्षरे ऐटीत लांब लांब ठेवणाऱ्या थीममध्ये शिरोरेषेचे तुकडे पडत होते. या दोन्ही गोष्टी सीएसएसमधून (पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमधून) दुरुस्त करता येतात, पण त्यासाठी प्लॅटफॉर्मने तेवढी मोकळीक द्यायला हवी. वर्डप्रेसकडे माझा कल झुकण्याचे हे दुसरे कारण.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या हिंदीहून वेगळ्या मराठी वळणाचा मुद्दाही आपणच काढलात. संकेतस्थळाची भाषा मराठी निवडली की पानाच्या कोडमध्ये तशी नोंद होते आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपांची सोय आहे, तो फॉन्ट ती रूपे दाखवू शकतो. शीर्षकांसाठी आपण सुचवलेल्या टायरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये तर ती मुळातच आहेत. मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकार संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट वापरला आहे. दोन्ही मुक्त परवान्याचे असल्याने त्यांच्या फाइली माझ्याच होस्टिंगवर ठेवता आल्या. अक्षरांवर पोट असलेल्या माणसाच्या संकेतस्थळावर परक्या वळणाचा ‘ल’ दिसावा, हे खरोखर शोभले नसते.

जुन्या कामांची माहिती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे तो फॉन्ट नसेल तर वाचता न येणाऱ्या रूपात, होती. तिचे चित्र करून लावण्याऐवजी ती युनिकोडमध्ये आणून मजकूर म्हणूनच टाकावी, म्हणजे शोधयंत्राला आणि स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाला) ती वाचता येईल, ही आपली सूचना कष्टाची होती, पण पाळली. छपाईच्या रंगपद्धतीतल्या (सीएमवायके) फाइलींवरून वेबसाठी पडद्याच्या रंगपद्धतीतल्या (एसआरजीबी) प्रती काढल्या. डोमेन माझ्याच नावावर आणि होस्टिंगहून वेगळ्या ठिकाणी नोंदवले आहे, त्यामुळे पुढे होस्टिंग बदलले तरी पत्ता तोच राहील.

दिवाळी अंकांचा विभाग अजून अपुरा आहे. काही प्रकाशकांची परवानगी यायची आहे आणि ती आल्याशिवाय आतली पाने दाखवायची नाहीत, हे आपले सांगणे मी मोडणार नाही. तो विभाग भरला की दुवा पाठवीन. मोबाइलवर पाहून जोडाक्षरे कुठे अडखळतात का, ते कृपया कळवावे.

आपला कृतज्ञ,
एक ग्राफिक डिझायनर