परवाना बीजिंगचा, खोळंबा चाकणचा

महोदय,

चीनच्या परराष्ट्र धोरणावरची आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा गलवान, तैवान आणि शिखर परिषदांतल्या हस्तांदोलनांभोवती फिरते. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या (मोटरपासून शस्त्रांपर्यंत लागणाऱ्या जोरकस चुंबकांत वापरल्या जाणाऱ्या धातूंच्या गटातली ही मूलद्रव्ये) आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, तेव्हा तो निर्णय आतल्या पानावरची व्यापारविषयक बातमी म्हणून वाचला गेला. माझ्या मते अलीकडच्या काळातले चीनचे ते सर्वांत परिणामकारक परराष्ट्र धोरण होते.

भांडण अमेरिकेशी होते. ट्रम्प यांनी दोनच दिवस आधी आयातशुल्क जाहीर केले होते. नियम मात्र साऱ्या जगाला लागू झाला. विजेवरच्या स्कूटरच्या मोटरमधले चुंबक तापले तरी टिकावे म्हणून त्यात या सातांपैकी डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. गाडीच्या किमतीत त्या चुंबकाचा वाटा किरकोळ, पण ते नसेल तर गाडी तयारच होत नाही. जुलैअखेर बजाज ऑटोने ऑगस्टमध्ये आपले ई-वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते असा इशारा दिला. आकुर्डी-चाकण पट्ट्यात सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदाराच्या पोटात अशा बातमीने गोळा येतो, हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. चुंबक शस्त्रांसाठी वापरणार नाही असे हमीपत्र भारतीय कंपन्यांनी भरून द्यायचे आणि ते मंजूर करायचे की पडून ठेवायचे हे बीजिंगने ठरवायचे, अशी ही व्यवस्था. नाक दाबले की तोंड उघडते, हे चीनने अमेरिकेलाही दाखवून दिले. ऑक्टोबरमध्ये त्याने नियंत्रणे आणखी वाढवली आणि महिनाअखेर दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये शी जिनपिंग व ट्रम्प यांची भेट झाल्यावर ती वाढीव नियंत्रणे वर्षभरासाठी स्थगित केली. एप्रिलची परवाना पद्धत मात्र कायम राहिली.

ही ताकद एका रात्रीत आलेली नाही. ही मूलद्रव्ये नावाप्रमाणे फारशी दुर्मिळ नाहीत. अवघड आहे ते त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे. आम्लाच्या टाक्या, शेकडो टप्पे, किरणोत्सारी गाळ असे हे घाण आणि कमी नफ्याचे काम. पाश्चात्त्य देशांनी ते हळूहळू सोडून दिले, चीनने तीसेक वर्षे नेटाने केले. त्याची किंमत उत्तर चीनमधल्या बायन ओबोच्या खाणी आणि बाओटौ शहराभोवतालच्या माणसांनी, जमिनीने आणि पाण्याने मोजली, हेही विसरता येणार नाही. आज जगातली सुमारे ९० टक्के चुंबके चीनमध्ये बनतात.

इशारा तर २०१० मध्येच मिळाला होता. चीन आणि जपान दोघेही हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौकेच्या कप्तानाला जपानने अटक केली आणि चीनमधून जपानला जाणारा हा दुर्मिळ मृदांचा माल अडला. जपानने त्यातून घेतलेला धडा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने दुर्मिळ मृदा काढणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत सरकारी आणि खासगी पैसा मिळून घातला. पुढे भाव कोसळले. याच धंद्यातली अमेरिकेची मॉलिकॉर्प २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली; लायनसही बुडायच्या बेतात होती, पण जपानने कर्जाची मुदत वाढवून तिला तगवले. तेव्हा चीनवर सुमारे ९० टक्के अवलंबून असलेला जपान आता साधारण ६० टक्क्यांवर आला आहे. एवढ्या चिकाटीनंतरही ६० टक्के! बहिष्काराच्या घोषणा देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि आपण? केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर मोनाझाइटची वाळू आहे; हीच मूलद्रव्ये त्या खनिजात असतात. इंडियन रेअर अर्थ्स, म्हणजे आजची आयआरईएल ही सरकारी कंपनी, १९५० पासून आहे आणि तिचे मुख्यालय मुंबईतच आहे. मोनाझाइटमध्ये थोरियम हा किरणोत्सारी धातू असल्याने हा विषय अणुऊर्जा खात्याच्या कुंपणात राहिला. सुरक्षेचे कारण खरे असले, तरी त्यामुळे चुंबकाचा उद्योग उभाच राहिला नाही. कित्येक वर्षे आपण वेगळे केलेले मूलद्रव्य जपानला पाठवत होतो आणि तयार चुंबक चीनकडून विकत घेत होतो. याची मला मनापासून खंत वाटते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षाला ६,००० टन चुंबकांची क्षमता उभारण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे स्वागतच आहे. पण चीनने उद्या भाव पाडले, की आपलेच वाहन उत्पादक स्वस्त चिनी चुंबकाकडे वळतील आणि नवा कारखाना ओस पडेल. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एमपी मटेरियल्स या कंपनीला निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी, म्हणजे या चुंबकांच्या मुख्य कच्च्या मालासाठी, किलोमागे ११० डॉलरची किमान किंमत दहा वर्षांसाठी हमीने दिली आहे. तशी हमी आपल्या योजनेलाही हवी, आणि मोठ्या वाहन कंपन्यांकडून काही वाटा देशी मालाचा घेण्याचे बंधनही. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा हे सारे ज्ञान याच राज्यात आहे आणि गिऱ्हाईक चाकणला आहे. राज्य सरकारने या संस्था आणि वाहन उद्योगाला एका टेबलावर बसवावे, आणि सांडपाणी व किरणोत्सारी गाळाचे काय करणार हे पहिल्या बैठकीतच लेखी ठरवावे. बाओटौची पुनरावृत्ती आपल्या एखाद्या नदीकाठी नको.

— एक वाचक, चिंचवड, पुणे