आधी पुरावा, मग ब्लॉक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन छळाबद्दल छापून येणारा सल्ला बहुतेक वेळा 'दुर्लक्ष करा' आणि 'ब्लॉक करा' एवढ्यावर आटोपतो. पहिला कुचकामी आहे. दुसरा योग्य, पण त्याची वेळ चुकते. ब्लॉक केल्यावर काही ठिकाणी समोरच्याचे प्रोफाइल दिसेनासे होते, रिपोर्ट मान्य झाला की पोस्टही उडते. मग शाळेने किंवा पोलिसांनी 'काय लिहिले होते ते दाखवा' म्हटले की हातात काहीच नसते. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट करताना ब्लॉक करून चॅटही डिलीट करण्याचा पर्याय समोर येतो, तिथली खूण न पाहता बटण दाबणारे पुष्कळ.

स्क्रीनशॉटचेही तसेच. दुसऱ्या दिवशी काढलेल्या स्क्रीनशॉटवर तारखेच्या जागी नुसते 'काल' दिसते, आणि नंबर सेव्ह केलेला असेल तर वर फक्त 'सोन्या' किंवा 'बंटी'! म्हणून तीन चित्रे घ्यावीत: पूर्ण संदेश, पाठवणाऱ्याच्या माहितीचे पान (नंबर किंवा युजरनेमसह), आणि मागचापुढचा संवाद. दिसणारे नाव क्षणात बदलता येते, त्यामुळे प्रोफाइलची लिंक वेगळी उतरवून ठेवावी. स्नॅपचॅटवर चॅटचा स्क्रीनशॉट घेतला की पाठवणाऱ्याला कळते. तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढावा. सोबत एका वहीत तारीख, वेळ, काय घडले, कुणी पाहिले एवढे लिहावे. वर्गातली धक्काबुक्की आणि टोमणेही त्याच वहीत, कारण ऑनलाइन छळणारा पुष्कळदा शेजारच्याच बाकावर बसलेला असतो.

छळणारा रोज समोर येणारा असेल तर थेट ब्लॉक केल्याने तो कधीकधी जास्त चवताळतो. इन्स्टाग्रामवर त्यासाठी 'रिस्ट्रिक्ट' आहे. त्याची नवी कॉमेंट फक्त त्यालाच दिसते, मेसेज रिक्वेस्टमध्ये जातो, आपण वाचला की नाही हे त्याला कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते' हेही ठरवता येते. एका ग्रुपमधून बाहेर पडल्यावर दुसऱ्यात ओढणे त्याने बरेच थांबते.

खासगी छायाचित्र पसरवण्याची धमकी असेल तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. चित्र १८ वर्षांखालील व्यक्तीचे असेल तर 'टेक इट डाउन', मोठ्यांसाठी 'स्टॉपएनसीआयआय' या मोफत सेवा आहेत. चित्र आपल्याच फोनवर राहते, त्याचा फक्त डिजिटल ठसा (चित्रावरून तयार होणारा संकेतांक) पुढे जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून ते ओळखून हटवतात. चित्र बरेच बदलले तर ठसा जुळेलच असे नाही, आणि एन्क्रिप्टेड चॅटमध्ये (जिथला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही) ही युक्ती चालत नाही. लहान मुलांचे असे चित्र 'पुरावा' म्हणून कुणालाही, अगदी शिक्षकांनाही, फॉरवर्ड करू नये. बऱ्याच देशांत तो स्वतंत्र गुन्हा ठरतो.

आता पालकांविषयी, कारण सगळे इथेच अडते. मुले सांगत नाहीत, त्याचे एक मोठे कारण म्हणजे सांगितल्यावर फोन जाईल ही भीती. छळ दुसऱ्याने करायचा आणि शिक्षा आपल्याला, हा हिशेब त्यांना पटत नाही, आणि का पटावा? 'फोन घेणार नाही, तुला विचारल्याशिवाय कुणाला फोन करणार नाही' हे पहिल्याच मिनिटात सांगावे. मात्र गुप्ततेचे सरसकट वचन देऊ नये. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर मुलाला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवा गाठावी.

शाळेकडे तोंडी तक्रार करू नये. तारखांसह लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तर कधी मिळेल ते त्यातच विचारावे. दोघांना समोरासमोर बसवून 'हात मिळवा' असे करायला नकार द्यावा. भांडण बरोबरीच्यांत होते; छळात एकाचे पारडे आधीच जड असते, आणि अशा बैठकीनंतर दुबळ्याला वर्गात जास्त सोसावे लागते. छळणाऱ्याच्या आईवडिलांना परस्पर फोन करणेही टाळावे.

ग्रुपमध्ये नुसते पाहणाऱ्यांचा उपयोग होतो, फक्त तो तिथे वाद घालून नव्हे. हसण्याची इमोजी टाकू नये, स्क्रीनशॉट जपावा आणि ज्याच्यावर बेतले आहे त्याला वेगळा मेसेज करावा: 'मी पाहिले. उद्या सरांकडे जायचे असेल तर सोबत येतो.'

आपला,
एक शालेय समुपदेशक