‘वजन वाढलं की या’ हे आता तरी थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मुंबईतल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डात २९ वर्षं सिस्टर होते, आता रिटायर होऊन भांडुपला असते. पत्राला निमित्त माझ्या भाचीच्या मुलीचं, पण हे वाक्य ड्युटीवर असताना कितीतरी आयांकडून ऐकलंय, "डॉक्टर बोलले वजन वाढलं की आणा, मग हार्टचं ऑपरेशन करू."

भाची नालासोपाऱ्याला राहते. बाळ पूर्ण दिवसांचं पण २ किलो १०० ग्रॅमचं. घरी सोडलं तेव्हा काहीच त्रास नव्हता, आणि हृदयाला मोठं होल असलं तरी सुरुवातीला असंच वाटतं, कारण जन्मल्यावर काही आठवडे फुप्फुसातलं प्रेशर जास्त असतं, ते उतरलं की होलमधून जास्तीचं रक्त फुप्फुसात शिरायला लागतं. दीड महिन्याच्या लसीला नेलं तोपर्यंत दूध ओढताना दोन मिनिटांत दमायची, कपाळावर घाम, बरगड्यांखाली खड्डे. इको केला, मोठा व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं होल, निघाला, औषध लिहून दिलं आणि सांगितलं पाच किलोची झाली की या.

मग घरात सगळे वजनाच्या मागे. चौथा महिना लागला तरी काटा ३ किलो २०० वर, त्यात दोनदा न्यूमोनिया. शेजारपाजारच्या बायका भाचीलाच बोलायच्या की तुझंच दूध पातळ, पोरीच्या अंगी लागत नाही. अहो, लागणार कसं? अशा बाळाची निम्मी ताकद श्वास घेण्यात आणि हृदय पळवण्यात जाते, धड पिता येत नाही आणि प्यालेलं पुरत नाही. निरोगी बाळ पहिल्या महिन्यांत रोज २०-३० ग्रॅम वाढतं, ते गणित या बाळाला लावून कसं चालेल? ज्या आजारामुळे वजन वाढत नाही तो बरा करायला वजन वाढायची अट घालायची, आणि तोवर फुप्फुसाच्या नसा कडक होत जातात, फार उशीर झाला तर होल बंद करायची सोयच राहत नाही.

शेवटी मीच तिला लहान मुलांच्या हार्टच्या दुसऱ्या सेंटरला घेऊन गेले आणि ३ किलो ४०० ग्रॅमला ऑपरेशन झालं. महिन्याभरात पोरीने बाळसं धरलं, दूध तेच, आई तीच.

आता कोणी म्हणेल सिस्टर एका बाळावरून बोलतायत, तर धोका मलाही माहितीये. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त, म्हणजे दोन किलोच्या बाळात सगळं मिळून जेमतेम दोन कटिंग चहाएवढं, आणि ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या बायपास मशीनच्या नळ्या भरायलाच कधी कधी त्याहून जास्त लागतं म्हणून बाहेरचं रक्त घालावं लागतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ असेल तर रक्त पातळ करायच्या औषधाने मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. किडनी कच्ची, इन्फेक्शन पटकन होतं. अडीच किलोखालच्या बाळांमध्ये ऑपरेशननंतरचे मृत्यू जास्त असतात, २००८ मध्ये अमेरिकेतल्या अनेक सेंटर्सचा एकत्र डेटा आला त्यातही तेच दिसलं. हे आईबापांपासून लपवू नये.

पण दुसरी बाजूपण बघा. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्जननी १०२ बाळांचा रिपोर्ट छापला, सगळी ७०० ग्रॅम ते अडीच किलोमधली, वाट न बघता पूर्ण दुरुस्ती केलेली, त्यातली १० सुरुवातीला दगावली, म्हणजे दहातली नऊ त्या टप्प्यातून निघाली, आणि तेही २५ वर्षांपूर्वी. आणि काही आजारांत तर थांबायला वेळच नसतो. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची जन्मतःच अदलाबदल असेल तर ते ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हायला लागतं, नाहीतर डावा कप्पा कमजोर पडतो. तिथे वजनाची वाट बघणं म्हणजे संधी घालवणं.

थांबावं लागतच नाही असं माझं म्हणणं नाही. छोटं होल बरेचदा आपणहून बंद होतं, वरच्या कप्प्यांमधलं होल बहुतेक वेळा वर्षं थांबू शकतं, कमी दिवसांच्या बाळाला काही आठवडे औषधावर आणि नळीने दुधावर ठेवून तयार करता येतं. आईचं दूध कमी पडलं तर मिल्क बँक आहे, आशियातली पहिली १९८९ मध्ये आपल्याच सायन हॉस्पिटलात सुरू झाली. पण ते थांबणं हार्टच्या टीमच्या नजरेखाली हवं, दर आठवड्याला वजन आणि श्वास बघून, आणि वाढतच नसेल तर प्लॅन बदलायची तयारी ठेवून. घरी पाठवून ‘पाच किलो’ एवढाच निरोप देणं म्हणजे थांबणं नव्हे.

त्यात दोन किलोचं बाळ म्हणजे सगळी सारखी नसतात. ३४ आठवड्यांचं आणि पूर्ण दिवसांचं पण पोटातच न वाढलेलं यात फरक आहे, तो लक्षात न घेता सगळ्यांना एकच आकडा कशाला?

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत मुलांच्या हृदयाची ऑपरेशन्स होतात, मुलांची तपासणी करून उपचारांना पाठवणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. तरी मोखाडा-जव्हारकडून आलेली आई परळच्या फुटपाथवर फाइल घेऊन बसलेली दिसते, तिला कुठल्या खिडकीवर जायचं हेच कोणी सांगितलेलं नसतं.

माझी मागणी एवढीच आहे की दूध पिताना घाम येणाऱ्या, दम लागणाऱ्या बाळाला वजन न बघता लहान मुलांच्या हार्ट सेंटरला पाठवा, निदान मत तरी घ्या. आणि ही ऑपरेशन्स करणाऱ्या हॉस्पिटलांनी आपले रिझल्ट वजनानुसार जाहीर करावेत, अडीच किलोखालची किती केली, किती घरी गेली. भाचीला असा एक जरी आकडा कोणी दाखवला असता तरी तिने ते अडीच महिने घरात वजनकाट्यासमोर काढले नसते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
भांडुप, मुंबई