केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र: गंगेतले डॉल्फिन मोजलेत, आता त्यांची नदी जरा शांत करा

माननीय मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

साहेब, मार्च २०२५ मध्ये नदीतल्या डॉल्फिनच्या गणनेचा आकडा आला, ६,३२७, आणि मनापासून बरं वाटलं. ८ राज्यांतल्या २८ नद्या बोटीने पालथ्या घालून हे मोजलंय, सोपं काम नाही ते. त्यात सिंधू डॉल्फिन फक्त ३, पंजाबात बियास नदीत, बाकी सगळे गंगेचे. पण मला आकड्याबद्दल नाही, आवाजाबद्दल बोलायचंय.

हा प्राणी जवळजवळ आंधळा आहे. डोळ्याचं छिद्र टाचणीच्या टोकाएवढं, आत भिंगच नाही, उजेड की अंधार एवढंच कळत असेल. मग तो जगतो कसा, तर कानावर. नाकपुडीखालच्या पोकळीत टिक-टिक असा बारीक आवाज काढतो, तो कपाळातून पुढे जातो, माशाला नाहीतर तळाला आपटून परत येतो आणि खालच्या जबड्यातून कानापर्यंत पोचतो, आणि हे जवळपास दिवसरात्र चालू असतं. उथळ पाण्यात तर एका कुशीवर वळून, पर तळाला लावत पोहतो. इतकं सुंदर जमवलंय निसर्गाने, गढूळ पाण्यासाठीच.

आणि त्याच पाण्यातून आपण राष्ट्रीय जलमार्ग १ नेलाय, हल्दिया ते प्रयागराज, १,६२० किलोमीटर. भागलपूरचं विक्रमशिला अभयारण्य, सुलतानगंज ते कहलगाव, १९९१ पासून खास याच डॉल्फिनसाठी राखलेलं, तेसुद्धा याच मार्गावर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की डॉल्फिन खोल डोहांत गोळा होतात, आणि मालवाहू बोटींनाही तेवढंच खोल पाणी लागतं, मग गाळ उपसणं आलं, इंजिनाची घरघर आली, त्यात याची टिक-टिक बुडून जाते. उथळ पाणी आणि बोटींचा आवाज एकत्र आले की या जिवावरचा ताण वाढतो, हे गंगेतच अभ्यास करून दाखवलंय, म्हणजे ही माझी भावनिक कल्पना नाही.

याला जपायचं आपल्याकडे आजचं नाही हो. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला २६ वर्षं झाली तेव्हा, ज्यांना मारायचं नाही अशा प्राण्यांच्या यादीत गंगापुपुटक आहे, तो हाच असं बहुतेक अभ्यासक मानतात. बाबरानेही इथल्या नद्यांतला हा प्राणी पाहून लिहून ठेवलाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सगळ्यात कडक, संरक्षण मिळालं, २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर ठरला, २०१३ मध्ये तर डॉल्फिन कोंडून खेळ करायलाच आपण मनाई केली, त्याचा मला फार अभिमान वाटतो.

चीनच्या यांगत्से नदीतही असाच एक डॉल्फिन होता, बायजी. २००६ मध्ये नदीभर शोधलं, एकही सापडला नाही. तिथेही जाळी, धरणं आणि बोटींची गर्दी हीच कारणं होती.

म्हणून मागणी एवढीच, की गणनेत जिथे जिथे डॉल्फिन जास्त सापडले ते सगळे डोह, फक्त अभयारण्यातलेच नाही, नकाशावर घ्या, उन्हाळ्यात तिथे गाळ उपसणं पूर्ण बंद ठेवा, बोटींना वेगमर्यादा सक्तीची करा, आणि बोटी तिथून प्रत्यक्षात किती वेगाने गेल्या ते दर महिन्याला जाहीर करा. बंदरं, नौवहन आणि जलमार्ग खात्याशी याबद्दल तुम्हीच बोलावं लागेल, आमचं तिथे कोण ऐकणार.

आपला,
नदीवर जीव असलेला एक नागरिक